जुन्या कीबोर्डचे सूर वेव्हटेबलमध्ये उतरवताना

वेव्हटेबल म्हणजे एकेका आवर्तनाच्या तरंगाकृतींचा क्रमवार मांडलेला संच. कोणताही स्थिर स्वर एकाच आकाराची लाट पुन्हा पुन्हा उमटवत असतो. त्यातली एक पूर्ण लाट म्हणजे एक आवर्तन. हे आवर्तन संगणकात ठराविक संख्येच्या बिंदूंनी नोंदले की त्याची एक फ्रेम होते. अशा १६, ६४ किंवा २५६ फ्रेम्स एकापाठोपाठ ठेवल्या की वेव्हटेबल तयार होते. सिंथेसायझर त्यातली एक फ्रेम हव्या त्या पट्टीत वाजवतो आणि वाजता वाजता पुढच्या फ्रेमकडे सरकतो. या सरकण्यातून आवाजाचा पोत बदलत जातो.

सॅम्पलची रचना वेगळी असते. त्यात मूळ ध्वनीचे सलग मुद्रण असते: सुरुवातीचा आघात, मधला ठहराव आणि शेवटचा उतार काळाच्या क्रमाने बांधलेले असतात. वरच्या पट्टीत वाजवले की सॅम्पल लवकर संपते, खालच्या पट्टीत लांबते. वेव्हटेबलमध्ये काळाचे हे बंधन सुटते. पोत कोणता हे फ्रेम ठरवते. तो कधी आणि किती वेगाने बदलावा हे वादक ठरवतो. म्हणूनच जुन्या यंत्रातला सूर वेव्हटेबलमध्ये उतरवला की तो जतन होतो आणि नव्याने घडवताही येतो.

ही पद्धत जर्मनीतील हॅम्बुर्गचे वोल्फगांग पाम यांनी रूढ केली. त्यांच्या पीपीजी कंपनीचा ‘वेव्ह २’ हा सिंथेसायझर १९८१ मध्ये आला आणि १९८९ मध्ये वाल्डॉर्फच्या ‘मायक्रोवेव्ह’ने तीच परंपरा पुढे नेली. त्या काळी यंत्रातली स्मृती (मेमरी) महाग होती, त्यामुळे तरंगाकृती मोजक्या बिंदूंत बसवाव्या लागत. २०१४ मध्ये आलेल्या ‘सीरम’ या सॉफ्टवेअरने २०४८ बिंदूंची फ्रेम आणि एका वेव्हटेबलमध्ये जास्तीत जास्त २५६ फ्रेम्स हे माप लोकप्रिय केले. २०२० मध्ये आलेले ‘व्हायटल’ही हेच माप वापरते आणि त्याची मूळ आवृत्ती विनामूल्य मिळते. ‘सर्ज’ हे सॉफ्टवेअर २०१८ मध्ये मुक्तस्रोत झाले. आज ते ‘सर्ज एक्सटी’ या नावाने विनामूल्य उपलब्ध आहे. साध्या लॅपटॉपवर आणि पदरमोड न करता हे काम आता होऊ शकते, हे या सगळ्यात महत्त्वाचे.

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत या कामाला विशेष अर्थ आहे. बल्लारपूरहून गोंदियाकडे जाणारा रेल्वेमार्ग मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी करत वडशाला पोहोचतो, आणि वडसा हे या भागातल्या झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र आहे. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटांच्या निमित्ताने गावोगावी रात्रभर चालणारी नाटके सुरू होतात. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीची दखल देशभर घेतली गेली. नाटकातली गाणी, प्रवेशांमधले पार्श्वसंगीत आणि प्रसंगानुरूप सूर यांचा मोठा भार आज कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड वाजवणाऱ्यांवर असतो. वर्षानुवर्षे वाजलेल्या एखाद्या कीबोर्डचा ऑर्गन किंवा क्लॅरिनेट वादकाच्या हातात आणि प्रेक्षकांच्या कानात बसलेला असतो. यंत्र मात्र थकत जाते. ते पूर्ण बंद पडण्याआधी त्यातले सूर बाहेर काढून ठेवणे हे त्या वादनपरंपरेची काळजी घेण्यासारखेच आहे.

कोणता सूर निवडावा

ज्या ध्वनीत स्पष्ट पट्टी असते आणि ज्याची लाट नियमितपणे पुन्हा येते, तोच वेव्हटेबलला मानवतो. ऑर्गन, हार्मोनियम, क्लॅरिनेट, सनई, बासरीचा स्थिर भाग, एकट्या व्हायोलिनचा सूर, ब्रास, मानवी आवाजातला ‘आ’कार आणि जुन्या सिंथेसायझरचे लीड सूर हे उत्तम उमेदवार आहेत. क्लॅरिनेटच्या खालच्या सप्तकात विषम हार्मोनिक (मूळ स्वराच्या विषम पटीतले अंशस्वर) ठळक असतात, त्यामुळे एका फ्रेममध्येही तो ओळखू येतो. सनईच्या सुरात वरचे हार्मोनिक भरपूर असतात; तिचा तीक्ष्णपणा टिकवायचा तर मुद्रण स्वच्छ लागते.

ढोलक, तबल्याचे बोल, झांज, घुंगरू आणि ऑक्टोपॅडवरचे आघात या कामाला योग्य नाहीत. त्यांतल्या बऱ्याच ध्वनींमध्ये आवर्तन स्थिर नसते आणि गोंगाटाचा अंश मोठा असतो. घंटेसारख्या धातूच्या ध्वनीतले अंशस्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटीत नसतात. फ्रेममध्ये बसवताना ते जवळच्या पूर्ण पटीकडे ढकलले जातात आणि घंटेचा घंटापणा हरवतो. असे ध्वनी सॅम्पल म्हणूनच जपावेत.

एकापेक्षा अधिक सूर मिसळलेले आवाजही टाळावेत. कीबोर्डवरील ‘स्ट्रिंग्ज’मध्ये किंचित वेगळ्या पट्टीतले अनेक सूर एकत्र असतात. त्यांच्या घर्षणामुळे लाटेचा आकार सतत ढळतो आणि कापलेल्या फ्रेम्स एकमेकींशी जुळत नाहीत. हार्मोनियममध्येही खर्ज आणि नर सूर एकत्र उघडले तर हीच अडचण येते. एकाच ओळीचे सूर उघडून मुद्रण करावे. सामूहिक भरणा नंतर सॉफ्टवेअरमधल्या युनिसनने परत मिळवता येतो.

यंत्रातून आणि फ्लॉपीतून सूर बाहेर काढणे

जुन्या यंत्रांत सूर दोन ठिकाणी असतात. १९८७ चा रोलँड डी-५० किंवा १९८८ चा कॉर्ग एम-१ यांसारख्या सिंथेसायझरमध्ये मूळ तरंगाकृती कायमस्वरूपी चिपमध्ये असतात. वादकाने केलेली सूररचना मात्र बॅटरीवर टिकणाऱ्या स्मृतीत असते. आतली लिथियम बॅटरी संपली की त्या रचना पुसल्या जातात. म्हणून बॅटरी बदलण्याआधी मिडी केबल जोडून सर्व रचनांचा सिस्टीम एक्सक्लुझिव्ह डंप (यंत्राच्या स्मृतीची प्रत) संगणकावर घ्यावा. ‘मिडी-ऑक्स’सारखे विनामूल्य सॉफ्टवेअर त्यासाठी पुरते.

सॅम्पलरमध्ये सूर फ्लॉपीवर असतात. १९८६ चा अकाई एस-९०० हा १२ बिटचा, तर १९८८ चा एस-१००० हा १६ बिटचा सॅम्पलर होता. त्यांच्या फ्लॉपीवरची मांडणी विंडोजला थेट वाचता येत नाही. पावसाळ्यातली दमट हवा आणि उन्हाळ्यात ४५ अंशांपुढे जाणारा पारा सोसलेल्या फ्लॉपीवर बुरशी किंवा चकतीवरचा थर सुटण्याचा धोका असतो. फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालण्याआधी तिचे धातूचे झाकण सरकवून चकती उजेडात पाहावी. पांढरट डाग दिसल्यास ती तशीच घालू नये. बुरशी ड्राइव्हच्या हेडवर बसून पुढच्या चांगल्या फ्लॉपीही खराब करते. वाचण्याजोग्या फ्लॉपीची प्रथम संपूर्ण प्रतिमा काढावी. ‘ग्रीझवीझल’ हे छोटे यूएसबी उपकरण साध्या पीसी ड्राइव्हला जोडून बहुतेक मांडण्यांच्या प्रतिमा घेऊ शकते. प्रतिमेतून सॅम्पल वेगळे करण्यासाठी ‘कन्व्हर्टविथमॉस’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर अनेक जुनी स्वरूपे ओळखते. साउंडफाँट स्वरूपातले सूर ‘पॉलिफोन’मध्ये उघडतात.

सॅम्पल थेट फाइल म्हणून मिळाले तर त्यातली लूपची खूण जपावी. जुन्या यंत्रांत जागा वाचवण्यासाठी आघातानंतर काही थोडी आवर्तनेच पुन्हा पुन्हा फिरवत असत. लूप सुरू झाल्यावर पोत बदलत नाही, म्हणून लूपच्या पुढचा भाग फ्रेमसाठी घेण्यात अर्थ नसतो.

ध्वनिमुद्रण

फाइल मिळत नसेल तर यंत्राच्या लाइन आउटमधून ऑडिओ इंटरफेसवर मुद्रण करावे. ४४,१०० हर्ट्झ आणि २४ बिट ही मांडणी पुरेशी आहे. मुद्रण मोनो असावे; बहुतेक यंत्रांत डावे आउटपुटच मोनो म्हणून दिलेले असते. सर्वांत मोठा आवाज पूर्ण पातळीपेक्षा ६ डेसिबल खाली राहील असा स्तर ठेवावा.

मुद्रणापूर्वी यंत्रावर पुढील गोष्टी तपासाव्यात. रिव्हर्ब, कोरस आणि डिले बंद करावेत. व्हायब्रेटो आणि एलएफओ शून्यावर आणावेत. फिल्टर पूर्ण उघडावा. मात्र मूळ सुराची ओळखच फिल्टरच्या सरकण्यात असेल तर तसे दुसरे मुद्रणही घ्यावे. ट्रान्सपोज शून्य असावा. गायक-गायिकांच्या पट्टीनुसार काळी एक किंवा काळी पाच लावून ठेवलेला कीबोर्ड तसाच मुद्रित झाला तर पुढचे सगळे गणित चुकते. सूक्ष्म ट्यूनिंगही ४४० हर्ट्झवर आणावे.

खालची पट्टी निवडणे फायद्याचे असते आणि त्याला कारण आहे. ४४,१०० हर्ट्झच्या मुद्रणात २२,०५० हर्ट्झपर्यंतचेच ध्वनी नोंदले जातात. ४४० हर्ट्झच्या पांढरी सहामध्ये त्या मर्यादेत फक्त ५० हार्मोनिक मावतात. दोन सप्तके खाली, ११० हर्ट्झच्या पांढरी सहामध्ये २०० मावतात. २०४८ बिंदूंच्या फ्रेममध्ये १,०२३ हार्मोनिकांना जागा असते. वरच्या पट्टीतून घेतलेले वेव्हटेबल खाली वाजवले की दबलेले ऐकू येते, ते यामुळेच. मात्र खाली जाताना यंत्राने दुसऱ्याच सॅम्पलकडे उडी घेतली नाही ना, याकडे कान हवा. अनेक कीबोर्ड प्रत्येक काही स्वरांनंतर सॅम्पल बदलतात. प्रत्येक टप्प्यातला एकेक स्वर मुद्रित करून ठेवला की नंतर निवड करता येते.

विजेचा गुणगुणाट हा या कामातला मोठा अडथळा आहे. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने ५०, १०० आणि १५० हर्ट्झची गुणगुण मुद्रणात शिरते. ११० हर्ट्झच्या स्वराची आवर्तने कापली की ही गुणगुण कोणत्याही फ्रेममध्ये पूर्ण बसत नाही. ती प्रत्येक फ्रेमला कधी वर, कधी खाली ढकलते आणि टोके जुळू देत नाही. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवावा, कीबोर्ड आणि इंटरफेस एकाच बोर्डवरून घ्यावेत, आणि मुद्रणानंतर मूळ स्वराच्या खालचा भाग हाय-पास फिल्टरने काढावा. ११० हर्ट्झच्या स्वरासाठी हा फिल्टर ८० हर्ट्झच्या आसपास ठेवता येतो. त्याच्या वरची गुणगुण मुद्रणाच्या वेळीच टाळावी लागते.

प्रत्येक स्वर किमान पाच सेकंद, एकाच जोराने दाबून धरावा. हळू आणि जोरात दाबल्यावर पोत बदलणाऱ्या यंत्रात दोन-तीन पातळ्यांची वेगळी मुद्रणे घ्यावीत. हे काम हाताऐवजी संगणकावरून मिडी पाठवून केले तर जोर अचूक सारखा राहतो.

आवर्तनाचे गणित

४४,१०० ला स्वराच्या कंपनसंख्येने भागले की एका आवर्तनाची लांबी बिंदूंमध्ये मिळते. ११० हर्ट्झसाठी ती ४००.९१ आहे. हवे आहेत पूर्ण २०४८ बिंदू. म्हणजे मुद्रण अशा प्रमाणात ताणायचे की प्रत्येक आवर्तन नेमके २०४८ बिंदूंचे होईल.

यंत्राच्या सांगितलेल्या पट्टीवर विसंबू नये. प्रत्यक्ष मोजमाप करावे. ‘ऑडासिटी’सारख्या विनामूल्य संपादकात स्वराचा स्थिर भाग मोठा करून पाहावा. लाट शून्यरेषा खालून वर जिथे ओलांडते तिथे खूण करावी आणि तेथून १०० आवर्तने मोजून शेवटी दुसरी खूण करावी. मधले बिंदू ४०,०९१ आले तर एका आवर्तनाची लांबी ४००.९१. एकच आवर्तन मोजले तर अर्ध्या बिंदूची चूकही मोठी ठरते. शंभर मोजली की ती चूक शंभरपट लहान होते.

पुढची कृती सोपी आहे. आवर्तनाच्या लांबीला २१.५३३ ने गुणावे. हा आकडा ४४,१०० भागिले २०४८ इतका आहे. ४००.९१ साठी उत्तर येते सुमारे ८,६३३. ऑडासिटीमध्ये त्या ट्रॅकचा सॅम्पल रेट मेनूमधून ८,६३३ असा लिहावा. त्यामुळे ध्वनी संथ आणि खोल होतो, पण त्यातला एकही बिंदू बदलत नाही. मग तो ट्रॅक ४४,१०० वर रिसॅम्पल करावा. आता प्रत्येक आवर्तन २०४८ बिंदूंचे झालेले असते आणि स्वर २१.५ हर्ट्झवर उतरलेला असतो. वेळ तीच ठेवून पट्टी बदलणारा परिणाम मात्र येथे वापरू नये. तो तरंगाकृतीचे तुकडे करून जोडतो आणि आकार बिघडवतो.

अचूकतेची गरज एका उदाहरणावरून कळते. ट्यूनिंग केवळ ५ सेंटने चुकले तर प्रत्येक आवर्तनामागे सुमारे ६ बिंदूंची घसरण होते. २५६ फ्रेम्सपर्यंत ती सुमारे १,५०० बिंदूंवर जाते, म्हणजे शेवटच्या फ्रेमची लाट जवळजवळ पाऊण आवर्तनाने सरकलेली असते. म्हणून रिसॅम्पलनंतर पुन्हा तपासावे: सलग १० आवर्तनांची लांबी २०,४८० बिंदू भरली पाहिजे. फरक राहिला तर रेट एक-दोन आकड्यांनी कमी-जास्त करून मूळ मुद्रणावर पुन्हा कृती करावी. आधीच रिसॅम्पल केलेल्या फाइलवर पुन्हा पुन्हा रिसॅम्पल करू नये.

फ्रेम्सची निवड आणि कापणी

पहिली फ्रेम शून्यरेषा खालून वर ओलांडणाऱ्या ठिकाणी सुरू करावी. तेथून दर २०४८ बिंदूंनी पुढची फ्रेम सुरू होते. ११० हर्ट्झच्या मुद्रणात २५६ आवर्तने म्हणजे मूळ वेळेतले सुमारे २.३ सेकंद.

सगळी सलग आवर्तने घेण्याची गरज क्वचितच असते. ब्रासचा सूर पहिल्या पाव सेकंदात झपाट्याने उजळतो आणि मग बराच वेळ जवळजवळ तसाच राहतो. अशा सुरात सुरुवातीची २०-३० आवर्तने सलग घ्यावीत आणि पुढच्या भागातून दर दहावे किंवा विसावे आवर्तन उचलावे. ऑर्गनसाठी ४ ते ८ फ्रेम्सही पुरतात. फ्रेम्स कमी असतील तर सॉफ्टवेअर दोन फ्रेम्सच्या मधल्या पायऱ्या स्वतः भरते. नेमक्या निवडलेल्या १६ फ्रेम्सचे वेव्हटेबल २५६ फ्रेम्सच्या सरधोपट कापणीपेक्षा बहुधा अधिक संगीतमय ठरते, कारण त्यात प्रत्येक पायरीवर कानाला जाणवणारा बदल असतो.

आघाताच्या अगदी पहिल्या क्षणातली भाता सुटल्याची, फुंकेची किंवा गजाची खरखर आवर्ती नसते. ती फ्रेममध्ये घातली तर प्रत्येक आवर्तनाला तीच खरखर पुन्हा वाजते आणि यांत्रिक कर्कशपणा येतो. हा भाग वगळून वेगळा सॅम्पल म्हणून ठेवावा.

फ्रेम्सची साफसफाई

कापल्यानंतर प्रत्येक फ्रेमवर चार गोष्टी पाहाव्यात. पहिली गोष्ट सरासरी: फ्रेममधल्या सर्व बिंदूंची सरासरी शून्य असावी. नसेल तर ‘रिमूव्ह डीसी’ ही क्रिया प्रत्येक फ्रेमवर स्वतंत्रपणे करावी; संपूर्ण फाइलवर एकदाच केल्यास फ्रेमागणिक असलेला फरक तसाच राहतो.

दुसरी गोष्ट टोकांची जुळणी. शेवटचा बिंदू आणि पहिला बिंदू यांत उडी असेल तर प्रत्येक आवर्तनाला खटका बसतो आणि वरच्या भागात चरचर ऐकू येते. शेवटचे ३० ते ५० बिंदू त्यापुढच्या आवर्तनाकडे जाण्याऐवजी त्याच फ्रेमच्या सुरुवातीकडे वळतील असा छोटा क्रॉसफेड द्यावा. बहुतेक वेव्हटेबल संपादकांत ही सोय असते.

तिसरी गोष्ट फेज, म्हणजे आवर्तनात हार्मोनिक कुठून सुरू होतो ती जागा. शेजारच्या फ्रेम्समध्ये एकाच हार्मोनिकची फेज उलट असेल तर मधल्या पायरीवर तो हार्मोनिक एकदम कमी होतो आणि सूर पोकळ वाटतो. यावर उपाय म्हणजे पहिल्या फ्रेमच्या फेज सर्व फ्रेम्सना देणे. सर्व फेज शून्य करण्याचाही पर्याय असतो, पण त्याने सर्व हार्मोनिकांची शिखरे एकाच ठिकाणी येऊन लाट टोकदार होते आणि त्याच पातळीवर सूर लहान ऐकू येतो.

चौथी गोष्ट पातळी. मूळ सूर विझत गेला असेल तर शेवटच्या फ्रेम्स बारीक असतात. वेव्हटेबलमध्ये आवाजाचा चढउतार एन्व्हलपकडे सोपवायचा असतो, म्हणून फ्रेम्सची पातळी समान करावी. शिखरापेक्षा सरासरी शक्तीने केलेली समानता कानाला अधिक सम वाटते. फार क्षीण फ्रेम वर उचलली की तिच्यातला गोंगाटही वर येतो. अशी फ्रेम सोडून देणे चांगले.

जुन्या ८ किंवा १२ बिटच्या यंत्रांचा खरबरीतपणा हा अनेकदा त्यांच्या आवाजाचा प्राण असतो. तो जपायचा असेल तर मुद्रणावर गोंगाट काढणारे परिणाम वापरू नयेत. मूळ यंत्रात हा खरबरीतपणा प्रत्येक पट्टीत वेगळा असे. वेव्हटेबलमध्ये तो एकाच पट्टीतला गोठतो. म्हणून खालच्या, मधल्या आणि वरच्या सप्तकातून तीन स्वतंत्र वेव्हटेबल करणे हा अशा यंत्रांसाठी उत्तम मार्ग आहे.

फाइल तयार करणे आणि उघडणे

तयार फ्रेम्स एकापाठोपाठ जोडून एकच मोनो वेव्ह फाइल करावी. तिची एकूण लांबी २०४८ च्या पूर्ण पटीत हवी; एक बिंदू जरी जास्त झाला तरी त्यापुढच्या सर्व फ्रेम्स सरकतात. ३२ बिट फ्लोटमध्ये २५६ फ्रेम्सची फाइल सुमारे २ एमबी होते. नावात यंत्र, सूर, पट्टी आणि फ्रेमची लांबी लिहावी.

व्हायटलमध्ये फाइल ऑसिलेटरवर ओढून टाकली की वेव्हटेबल, व्होकोड आणि पिच स्प्लाइस असे पर्याय समोर येतात. आधीच नीट कापलेल्या फाइलसाठी ‘वेव्हटेबल’ निवडावे. सीरममध्ये ठराविक फ्रेम-लांबीने आयात करण्याचा पर्याय घ्यावा. सर्ज एक्सटीला फ्रेमची लांबी फाइलच्या आत नोंदलेली लागते. सीरममधून निर्यात केलेल्या वेव्ह फाइलमध्ये ती नोंद असते. हार्डवेअर किंवा अन्य सॉफ्टवेअरची मापे निराळी असू शकतात: एबलटनच्या ‘वेव्हटेबल’ची फ्रेम १,०२४ बिंदूंची, तर वाल्डॉर्फ ब्लोफेल्डची १२८ बिंदूंची असते. म्हणून २०४८ बिंदूंची मूळ फाइल नेहमी वेगळी जपावी.

सॉफ्टवेअरमध्ये संपूर्ण मुद्रण टाकून आपोआप वेव्हटेबल करून घेण्याची सोयही आहे. स्वच्छ, एकाच स्वराच्या मुद्रणावर ती चांगले काम करते. ढळत्या पट्टीच्या किंवा गोंगाट असलेल्या मुद्रणात मात्र ती आवर्तनाची सुरुवात चुकीची पकडते आणि सूर एक सप्तक वर किंवा खाली जातो. आपोआप केलेले आणि हाताने कापलेले वेव्हटेबल एकामागून एक ऐकून निर्णय घ्यावा.

चाचणीसाठी तानपुऱ्याच्या षड्जावर सूर धरून फ्रेमची जागा पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश सरकवावी. पट्टी डळमळली तर लांबीत चूक आहे. खटके आले तर टोके जुळलेली नाहीत. मध्येच पोकळपणा आला तर फेज तपासावी. मग तीन सप्तकांत वाजवून पाहावे.

वाद्य पुन्हा उभे करणे

वेव्हटेबलमधून मूळ सूर परत घडवताना प्रथम आवाजाचा एन्व्हलप जुळवावा. ऑर्गनला जवळजवळ तात्काळ सुरुवात आणि सपाट ठहराव लागतो; ब्रासला थोडी सावकाश सुरुवात. दुसरा एन्व्हलप फ्रेमच्या जागेला जोडावा, म्हणजे मूळ सुरातला उजळण्याचा किंवा मंदावण्याचा क्रम परत येतो. बोटांचा जोरही याच जागेला जोडला की जोरात दाबल्यावर तेजस्वी फ्रेम वाजते. मॉड्युलेशन व्हील तिला जोडले तर वादक गाण्याच्या भावाप्रमाणे पोत हाताने वळवू शकतो. आधी वगळलेला आघाताचा सॅम्पल दुसऱ्या स्तरावर अगदी थोडा मिसळावा. व्हायब्रेटो आणि रिव्हर्ब सर्वांत शेवटी द्यावेत.

याच पद्धतीने जंगलपट्टीतली स्थानिक वाद्येही नव्या सुरांचा पाया होऊ शकतात. परधान समाजाच्या परंपरेतली किंगरी गजाने वाजते. एका तारेवर स्थिर गज ओढून घेतलेले मुद्रण वेव्हटेबलसाठी अतिशय योग्य असते. दंडार किंवा खडी गंमत या लोककलांवर आधारलेल्या नाटकाला परक्या देशातल्या तयार सुरांपेक्षा अशा सुरांची जोड अधिक शोभते. मात्र असे मुद्रण वादकाच्या संमतीने, त्याला वापर समजावून आणि त्याचे नाव नोंदवूनच करावे.

रंगमंचावरील वापर

प्रयोगात लॅपटॉप वापरताना विलंब महत्त्वाचा असतो. ४४,१०० हर्ट्झवर २५६ बिंदूंचा बफर म्हणजे सुमारे ५.८ मिलिसेकंद, १२८ चा म्हणजे सुमारे २.९ मिलिसेकंद; इंटरफेस आणि मिडीचा विलंब त्यात आणखी भर घालतो. विंडोजवर इंटरफेसचा एएसआयओ ड्रायव्हर वापरावा. युनिसन आणि एकाच वेळी वाजणाऱ्या सुरांची संख्या मर्यादित ठेवली तर जुना लॅपटॉपही रात्रभर टिकतो. प्रयोगाआधी इंटरनेट, अपडेट आणि झोपेत जाण्याची सोय बंद करावी. जुना कीबोर्ड बाजूला ठेवण्याऐवजी त्याच्याच पट्ट्या मिडी कंट्रोलर म्हणून वापरता येतात, आणि लॅपटॉप बंद पडल्यास त्याचा स्वतःचा आवाज हाताशी राहतो.

हक्क आणि जतन

कारखान्यातून आलेल्या सॅम्पलवर सहसा उत्पादकाचा हक्क असतो. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. आपल्या यंत्रातल्या सुरांपासून बनवलेल्या वेव्हटेबलांचा संच विकण्याआधी किंवा वाटण्याआधी त्या यंत्राच्या परवान्याच्या अटी वाचाव्यात आणि लागेल तेथे परवानगी घ्यावी. स्वतः घडवलेल्या सूररचना आणि संमतीने मुद्रित केलेली वाद्ये यांबाबत वादकाला अधिक मोकळीक असते.

जतनासाठी प्रत्येक सुरामागे चार गोष्टी एकत्र ठेवाव्यात: मूळ मुद्रण, फ्लॉपीची प्रतिमा किंवा मिडी डंप, अंतिम वेव्हटेबल आणि एक साधी मजकूर फाइल. मजकुरात यंत्राचे नाव, सुराचा क्रमांक, पट्टी, मुद्रणाची तारीख, मोजलेली आवर्तनाची लांबी आणि कोणत्या नाटकात किंवा गाण्यात तो सूर वापरला जात होता याची नोंद असावी. एक प्रत लॅपटॉपवर, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या गावातल्या सहकाऱ्याकडे ठेवावी. वर्षातून एकदा, हंगाम सुरू होण्याआधी, तिन्ही प्रती उघडून पाहाव्यात आणि खराब झालेली प्रत चांगल्या प्रतीवरून पुन्हा करावी.